उणीव केव्हा सांगावी? ऑनलाइन जोडीदार-शोधातला प्रामाणिकपणा

वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मात उंची, वर्ण, शिक्षण, पगार, गोत्र आणि अपेक्षा यांचे रकाने असतात. आपल्यात काय कमी आहे, हे लिहायला रकाना नसतो. डेटिंग ॲपनेही तो ठेवलेला नाही. तापट स्वभाव, डोक्यावरचं कर्ज, मोडलेलं पहिलं लग्न, रोज रात्री घ्यावी लागणारी गोळी, सुटलेलं किंवा न सुटलेलं व्यसन, यांतलं काही सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर बायोच्या पहिल्या ओळीत की तिसऱ्या भेटीत, हा निर्णय सर्वस्वी त्या माणसावर सोडलेला आहे. गेली वीस वर्षं मानसशास्त्रज्ञ, संवादाचे अभ्यासक आणि कायद्याचे जाणकार आपापल्या बाजूने या प्रश्नाकडे पाहत आहेत. त्यांचं म्हणणं कुठवर आलं आहे, कुठे जुळतं आणि कुठे अडतं, ते इथे क्रमाने पाहू.

चौकशी गेली, प्रोफाइल आलं

ठरवून होणाऱ्या लग्नांत लपवाछपवी नव्हती, असं कोणी म्हणणार नाही. वय दोन वर्षांनी कमी सांगणं, मुलाचा पगार फुगवणं, मुलीला येणाऱ्या फिट्सबद्दल चकार शब्द न काढणं हे घरोघरी ऐकलेले प्रकार आहेत. पण त्या व्यवस्थेत चौकशी नावाची गोष्ट होती. स्थळ आलं की मामा, मावशी, कुणाचा तरी साडू, ऑफिसातला ओळखीचा अशा वाटांनी माहिती काढली जाई. मध्यस्थाची पत पणाला लागलेली असे. ही चौकशी क्रूरही होती. नुसत्या कुजबुजीवर स्थळं मोडत, घरातल्या एकाच्या आजाराची शिक्षा सगळ्या बहिणींना होई, आणि मुलीबद्दल जितकं खोदून विचारलं जाई तितकं मुलाबद्दल विचारलं जात नसे. तरीही उणीव उघड होण्याची एक वाट होती, आणि ती सांगण्याचा सगळा भार एकट्या उमेदवारावर नव्हता.

१९९५ मध्ये अमेरिकेत मॅच डॉट कॉम हे डेटिंग-संकेतस्थळ सुरू झालं. भारतात नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून विवाह-संकेतस्थळं रुजली आणि २०१२ मध्ये आलेल्या टिंडरने बोटाच्या एका हालचालीवर पसंती-नापसंती आणून ठेवली. मायकेल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी पाहणीनुसार, २०१७ मध्ये एकत्र आलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के जोडपी ऑनलाइन भेटलेली होती, आणि मित्रांमार्फत ओळख होण्याचं प्रमाण त्याहून खाली गेलं होतं. आपल्याकडे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीचं नाव आईने मंडळात नोंदवलेलं असतं आणि तिच्या मोबाइलवर बंबल हे डेटिंग ॲपही असतं. दोन्हीकडे समोरचा माणूस अनोळखी आणि मधला ओळखीचा दुवा गेलेला. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने विवाह-संकेतस्थळांसाठी सूचना काढून सभासदांकडून ओळखीचा पुरावा घ्यायला सांगितलं. त्यातून माणूस खरा आहे एवढं कळू शकतं. तो स्वतःबद्दल खरं सांगतो आहे का, हे कोणतंही ओळखपत्र सांगत नाही.

किती खोटं बोललं जातं?

या क्षेत्रातलं सर्वांत जास्त काम याच प्रश्नावर झालं आहे. कॅटलिना टोमा, जेफ्री हॅनकॉक आणि निकोल एलिसन यांचा २००८ चा अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. न्यूयॉर्कमधल्या ८० जणांना बोलावून त्यांची उंची मोजली, वजन केलं, वाहन परवान्यावरून वय तपासलं आणि हे आकडे त्यांच्या प्रोफाइलशी ताडून पाहिले. ८१ टक्के लोकांनी उंची, वजन, वय यांपैकी निदान एका बाबतीत खोटं लिहिलं होतं. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही: बहुतेक फरक इतके थोडे होते की समोरासमोर भेटल्यावर नजरेला येऊ नयेत. पुरुष उंची थोडी वाढवत, स्त्रिया वजन थोडं उतरवत. पुढे भेट होणार हे माहीत असलेला माणूस फार लांब जात नाही, असा त्यातून अर्थ निघतो. २०१८ मध्ये डेव्हिड मार्कोविट्झ आणि हॅनकॉक यांनी डेटिंग ॲपवरच्या संदेशांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे सात टक्के संदेशांत खोटेपणा आढळला. त्यातही बराचसा भाग वेळ नाही, फोन बंद होता अशा, समोरच्याला न दुखावता टाळण्याच्या थापांचा होता.

लोकांची समजूत मात्र याहून काळी आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० च्या अहवालात, ऑनलाइन डेटिंग केलेल्या अमेरिकनांपैकी ७१ टक्के लोकांनी सांगितलं की आकर्षक दिसण्यासाठी खोटं बोलणं या ठिकाणी फार सर्रास चालतं. हा अविश्वास स्वतःच एक कारण बनतो. सगळेच दोन इंच वाढवून सांगतात असं वाटलं, की खरी उंची लिहिणारा स्वतःला ठेंगणा करून घेतो आहे असं त्याला वाटू लागतं.

एलिसन, रिबेका हायनो आणि जेनिफर गिब्ज यांनी २००६ मध्ये ३४ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, त्यांतून या आकड्यांमागची माणसं दिसतात. कुणी वय एक-दोन वर्षांनी कमी लिहिलं, कारण पस्तिशीची मर्यादा लावून शोधणाऱ्यांच्या यादीतून छत्तिशीचा माणूस आपोआप गळतो. कुणी वजन कमी लिहिलं, कारण तेवढं उतरवायचंच असं मनात पक्कं होतं. आणि काहींना स्वतःचं खरं चित्र दिसतच नव्हतं. आपण तापट आहोत हे तापट माणसाला क्वचितच ठाऊक असतं. म्हणूनच २०१२ मध्ये एलिसन, हॅनकॉक आणि टोमा यांनी प्रोफाइलकडे वचन म्हणून पाहावं असं सुचवलं: भेटीनंतर जे निभावता येईल तेवढं पुढे जाऊन लिहिणं लोक चालवून घेतात, जे निभावताच येणार नाही त्याला फसवणूक म्हणतात.

माझ्या मते या सगळ्या मोजदादीची एक मोठी मर्यादा आहे. फुटपट्टी आणि वजनकाट्यावर जे मावतं तेवढंच मोजलं गेलं. लग्नं आणि मनं ज्यांच्यामुळे मोडतात त्या गोष्टी, म्हणजे हात उगारण्याची सवय, कर्ज, दारू, आधीचं न संपलेलं नातं, या मोजणीत आल्याच नाहीत.

सांगून टाकावं, म्हणणारे

एका बाजूचं म्हणणं असं की उणीव लपवण्याची किंमत ती सांगण्याच्या किमतीहून जास्त असते. याला सर्वांत ठोस आधार लेस्ली जॉन, केट बराझ आणि मायकेल नॉर्टन यांच्या २०१६ च्या प्रयोगांतून मिळाला. त्यांनी सहभागींना दोन संभाव्य जोडीदारांची प्रश्नावली दाखवली. एकाने चोरी, लैंगिक आजार जोडीदाराला न सांगणं अशा वाईट गोष्टी आपण वारंवार केल्याची कबुली दिलेली, दुसऱ्याने काही प्रश्नांना उत्तर देण्याचंच नाकारलेलं. बहुसंख्यांनी कबुली देणाऱ्याला निवडलं. रिकामी सोडलेली जागा लोक वाईटात वाईट अंदाजाने भरतात, आणि गप्प राहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

दुसरा आधार जुना आहे. नॅन्सी कॉलिन्स आणि लिन मिलर यांनी १९९४ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आपल्याबद्दल जवळचं सांगणारी माणसं इतरांना अधिक आवडतात, आणि ज्याला आपण असं सांगितलं तो आपल्याला अधिक आवडू लागतो, असं त्यात दिसलं.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी विल्यम स्वॉन आणि सहकाऱ्यांनी लग्नाआधीची जोडपी आणि विवाहित जोडपी यांची तुलना केली. लग्नाआधीच्या काळात, जोडीदार आपल्याला जितका चांगला मानेल तितकी जवळीक जास्त होती. लग्नानंतर मात्र जवळीक तिथे जास्त आढळली, जिथे जोडीदार आपल्याला आपण स्वतःला पाहतो तसं पाहतो, मग ते पाहणं फारसं कौतुकाचं नसलं तरी. म्हणजे प्रोफाइल ज्या काळासाठी लिहिलं जातं त्या काळाची गरज कौतुकाची, आणि ज्या काळासाठी माणूस शोधला जातो त्या काळाची गरज ओळखीची. उणीव कधी ना कधी सांगावी लागते याचं इतकं नेमकं कारण दुसऱ्या कुठल्या अभ्यासात मला सापडलं नाही.

इथे एक मर्यादाही नोंदवायला हवी. इलियट ॲरन्सन यांच्या १९६६ च्या प्रसिद्ध प्रयोगात, प्रश्नमंजूषेत चमकलेल्या उमेदवाराच्या हातून कॉफी सांडली तेव्हा तो लोकांना अधिक आवडला, पण सामान्य उमेदवाराच्या हातून सांडली तेव्हा तो कमी आवडला. आपली उणीव मोकळेपणाने सांगण्याचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. आयआयटीतून शिकलेला, चांगल्या पगाराचा मुलगा बायोत ‘मला स्वयंपाक अजिबात येत नाही’ असं लिहितो तेव्हा तो लोभस वाटतो. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं कमी आहे त्याने तेच लिहिलं तर ती आणखी एक उणीव ठरते. आणि ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे’ अशी उणिवेच्या वेषातली फुशारकी तर कुणालाच लाभत नाही. ओव्हुल सेझर, फ्रान्सेस्का जीनो आणि नॉर्टन यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की अशी वाक्यं सरळ बढाईपेक्षाही कमी आवडतात, कारण ती खोटी वाटतात.

थांबावं, म्हणणारे

दुसरी बाजू खोटं बोला असं म्हणत नाही. तिचं म्हणणं इतकंच, की प्रत्येक गोष्टीची वेळ असते आणि प्रोफाइल ही ती वेळ नव्हे. अर्विन ऑल्टमन आणि डॅल्मस टेलर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की जवळीक थरांनी वाढते, आणि सांगणं दोन्ही बाजूंनी सोबत वाढत गेलं तर टिकतं. अनोळखी हजार लोकांसमोर आपली जखम उघडी करणं ही जवळीक नव्हे.

गिब्ज, एलिसन आणि हायनो यांनी २००६ मध्ये मॅच डॉट कॉमच्या ३४९ सभासदांची पाहणी केली. जास्त सांगणं, जाणीवपूर्वक सांगणं, सांगण्याचा सूर या गोष्टींचा, लोकांना आपल्या ऑनलाइन प्रयत्नांत यश मिळतं आहे असं वाटण्याशी संबंध होता. प्रामाणिकपणाचा संबंध मात्र उलटा निघाला: जास्त प्रामाणिक असणाऱ्यांना यश कमी मिळतं आहे असं वाटत होतं. दीर्घकाळच्या नात्याच्या शोधात असलेले लोक अधिक प्रामाणिक होते, हेही त्याच पाहणीत दिसलं. म्हणजे ज्यांना सर्वांत गंभीरपणे नातं हवं आहे, त्यांच्याच वाट्याला निदान सुरुवातीला जास्त निराशा येण्याची शक्यता.

माहिती वाढली की आवड वाढते का, यावर तर सरळ वादच झाला. नॉर्टन, जीना फ्रॉस्ट आणि डॅन एरिएली यांनी २००७ मध्ये दावा केला, की सरासरीने पाहता एखाद्याबद्दल जितकं जास्त कळतं तितका तो कमी आवडतो, कारण धूसर असतं तेव्हा आपण रिकाम्या जागा स्वतःच्या आवडीने भरतो. हॅरी रीस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याला उत्तर दिलं: प्रत्यक्ष गप्पा मारणाऱ्या लोकांत ओळख वाढेल तशी आवडही वाढते. हा वाद पूर्ण मिटलेला नाही, पण दोघांच्या प्रयोगांतला फरक बोलका आहे. पहिल्यात लोक बरंचसं गुणांच्या यादीला प्रतिसाद देत होते, दुसऱ्यात माणसाला. कागदावर ‘अबोल’ हा दोष दिसतो, समोर बसलेल्या अबोल माणसाचं ऐकणं दिसतं. सांगायचं असेल तर यादीत न सांगता बोलताना सांगावं, असं दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात त्याला इथे आधार मिळतो.

पण थांबायचं किती? २०१५ मध्ये आर्टेमिओ रामिरेझ आणि सहकाऱ्यांना आढळलं, की ऑनलाइन ओळखीनंतर लवकर भेटणाऱ्यांचा अनुभव चांगला होता, आणि फार काळ नुसत्या संदेशांवर राहिलेल्यांना भेट निराश करून गेली. मनात तोवर एक वेगळाच माणूस तयार झालेला असतो.

कोणती उणीव?

दोन्ही बाजू बहुतेकदा ‘उणीव’ हा एकच ढीग मानून बोलतात. मला वाटतं, बरेचसे मतभेद इथूनच येतात. पाच फूट सात इंचांचे पाच फूट नऊ करणं, चिडका स्वभाव न सांगणं आणि पहिली बायको अजून कायद्याने बायको आहे हे दडवणं, यांना एका मापाने मोजता येणार नाही. उंचीतला फरक पहिल्या भेटीत संपतो. स्वभाव सांगून कळत नाही, सोबतीने कळतो. तिसऱ्या गोष्टीत मात्र समोरच्या व्यक्तीचा निर्णयच चुकीच्या माहितीवर उभा राहतो, आणि तिथे थांबण्याचा युक्तिवाद कुणीही गंभीरपणे करत नाही.

सर्वांत कठीण प्रदेश या तिन्हींच्या बाहेर आहे: जिथे उणीव माणसात नसून पाहणाऱ्यांच्या नजरेत आहे. अंगावरचे पांढरे डाग हे याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण. ते संसर्गजन्य नाहीत, आयुष्याला धोका नाही, पण लग्नाच्या बाजारात त्यांनी अनेकांचं आयुष्य अडवलं. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभारलेल्या श्वेता असोसिएशनने या लोकांना एकत्र आणलं, आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांनी २००६ च्या ‘नितळ’ चित्रपटात हाच विषय घेतला. अशा मुलीला ‘आधीच सांग’ असा सल्ला देणारा माणूस प्रामाणिकपणाच्या नावाखाली तिला एका अन्याय्य परीक्षेला बसवत असतो. न सांगावं तर पहिल्या भेटीत समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटणारा धक्का तिलाच सोसायचा असतो. मंगळाची पत्रिका, घटस्फोट, गडद वर्ण, अपंगत्व यांचंही कमी-अधिक तसंच.

अपंग व्यक्तींच्या ऑनलाइन अनुभवांवर नताशा साल्टीस यांनी २०१३ मध्ये लिहिलं. त्यांना दोन्ही मतं भेटली. काहींना प्रोफाइलमध्येच सांगितलेलं बरं वाटतं, कारण नको असलेले लोक तिथेच गळतात. काहींना आधी माणूस म्हणून ओळख व्हायला हवी असते, आणि हे ऑनलाइनच शक्य होतं, कारण रस्त्यावर व्हीलचेअर लपत नाही. मानसिक आजार याच्या उलट टोकाला आहे: तो दिसत नाही, म्हणून सांगण्याचा क्षण निवडावाच लागतो. गोळ्यांवर स्थिर असलेला, नोकरी नीट करणारा माणूस निदानाचं नाव उच्चारताच एका क्षणात ‘स्थळ’ या शब्दातूनच बाहेर फेकला जातो. तरीही लग्नानंतर लपवून गोळ्या घेणं, मग ते लपवण्यासाठी गोळ्याच बंद करणं आणि आजार उलटणं ही साखळी जोडीदार आणि रुग्ण दोघांनाही उद्ध्वस्त करते. या एका बाबतीत मी लग्नाचा शब्द देण्याआधी सांगावं, या मताकडे निःसंशय झुकतो.

कायदा काय म्हणतो

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ नुसार, जोडीदाराविषयीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत फसवणूक करून संमती मिळवली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो. ‘महत्त्वाची वस्तुस्थिती’ हे शब्द १९७६ च्या दुरुस्तीने आले. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कोणती गोष्ट महत्त्वाची, हे न्यायालय त्या त्या प्रकरणात ठरवतं. प्रत्येक लपवलेली गोष्ट फसवणूक ठरत नाही. लग्नापर्यंत न पोहोचणाऱ्या नात्यांना हे कलम लागू नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ ने मात्र, ओळख दडवून लग्न करण्यासह फसव्या मार्गांनी स्त्रीशी ठेवलेल्या शरीरसंबंधांना दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली आहे.

एचआयव्हीच्या बाबतीत कायद्याने सर्वांत जास्त विचार केलेला दिसतो. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने होणाऱ्या जोडीदाराचा माहितीचा हक्क मान्य केला, पण त्याच निकालात बाधित व्यक्तीच्या विवाहाच्या हक्कावर केलेली टिप्पणी २००२ मध्ये अनावश्यक ठरवली. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने, आपली स्थिती माहीत असलेल्या व्यक्तीवर संसर्ग टाळण्याची जबाबदारी टाकली. संरक्षण वापरणं किंवा आधी सांगणं हे तिचे मार्ग. मात्र सांगितल्यामुळे मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असलेल्या स्त्रीला त्यातून वगळलं. सांगण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते हे मान्य करणारी ही तरतूद मला फार मोलाची वाटते, आणि प्रामाणिकपणावरच्या चर्चेत ती क्वचितच आठवली जाते, याचं वाईट वाटतं.

ॲप काय करू शकतात?

इथे थोडक्यातच सांगता येईल. सेल्फीवरून फोटो पडताळणं आता रूढ झालं आहे. धूम्रपान, मद्यपान, मुलं हवीत की नकोत यांचे रकाने आले, त्यामुळे काही गोष्टी सांगणं सोपं झालं. काहींनी वेगळी दालनं उघडली: अपंग व्यक्तींसाठी २०१६ मध्ये आलेलं आणि पुढे बंद पडलेलं इन्क्लोव्ह हे ॲप, एचआयव्हीबाधितांसाठीची विवाह-संकेतस्थळं. अशा ठिकाणी सांगण्याची भीती उरत नाही, कारण सगळ्यांनी ते सांगितलेलंच असतं. पण निवड आकसते, आणि समाजाने घातलेलं कुंपण तसंच राहतं.

काय सुटलेलं नाही

वर आलेले जवळपास सगळे अभ्यास अमेरिकेतले आहेत, आणि त्यांत एकटी व्यक्ती एकट्या व्यक्तीला शोधते. सांगण्याची योग्य वेळ कोणती, यावर मतं पुष्कळ आहेत, पण एकाच जोडप्याला पहिल्या संदेशापासून काही वर्षं पाहत जाणारं काम फार थोडं. बायो आणि संदेश आता संगणकाकडून लिहून घेतले जातात. तिथे स्वतःच्या उणिवेची सुंदर कबुलीही तयार मिळते. जॉन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात कबुलीला जे वजन मिळालं, ते अशा काळात टिकेल का, हे पाहावं लागेल.

आणि आपल्याकडचा प्रश्न वेगळाच आहे: सांगण्याचा हक्क कुणाचा? विवाह-संकेतस्थळावरचं खातं अनेकदा वडील किंवा मोठी बहीण चालवते. मुलाने चॅटवर एखाद्या मुलीला आपल्या नैराश्याच्या उपचारांबद्दल मोकळेपणाने सांगितलेलं असतं, आणि त्याच वेळी त्याची आई दुसऱ्या स्थळाला फोनवर ‘तब्येतीची काही तक्रार नाही’ असं सांगत असते. पहिल्या मुलीला जे कळलं ते दुसऱ्या मुलीला कळण्याचा हक्क आहे का, आणि आईच्या तोंडून गाळलं गेलेलं सांगण्याची जबाबदारी मुलावर केव्हा येते, यावर ना अभ्यास पुरेसा आहे ना घरांत बोलणं होतं. वधू-वर मंडळं चालवणारे लोक रोज हे पाहतात. त्यांच्या अनुभवांची पद्धतशीर नोंद करायला कुणी तरी बसायला हवं.